दुधाच्या वहीतली सावित्री

दिवाळीची साफसफाई म्हणजे वर्षभर स्वतःला दिलेल्या वचनांची एका दिवसात होणारी झडती. "हे नंतर लावू", "ते पुढच्या रविवारी पाहू" असे म्हणत जे जे माळ्यावर ढकललेले असते, ते ते त्या दिवशी डोक्यावर येऊन पडते. यंदा माझ्या डोक्यावर एक वही पडली.

वही दुधाची होती, २०२० सालची. निळा पुठ्ठा, दुमडलेले कोपरे, आणि आत माझ्या आईचे ठसठशीत, चौथीच्या वर्गात घोटून घेतलेले अक्षर. 'सकाळ एक लिटर, संध्याकाळ अर्धा.' वाचकहो, दुधाच्या वहीत वाचण्यासारखे काय असणार, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हणून ती रद्दीच्या ढिगावर टाकणार होते. पण पाने उलटताना दिसले की दुधाच्या आकड्यांशेजारी आईने आणखी एक रकाना आखला आहे. त्यात कुठे 'सा.' लिहून बरोबरची खूण, कुठे फुली. काही खुणांच्या बाजूला बारीकसा ठिपका. सप्टेंबर अर्धा उलटल्यावर फुल्या वाढल्या आहेत आणि त्यांच्यापुढे 'क्रि.' असे लिहिले आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र खूणही नाही, फुलीही नाही. एकच शब्द आहे : 'संपलं'.

हातातले फडके खाली ठेवून मी शिडीच्या पायरीवरच बसले. 'सा.' म्हणजे काय ते मला लगेच उमगले होते. ती सावित्री होती.

जानेवारी २०२० मध्ये सोनी मराठी वाहिनीवर 'सावित्रीजोती' नावाची मालिका सुरू झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या संसाराची आणि कार्याची ती कथा. 'दशमी'ची निर्मिती होती. ओंकार गोवर्धन जोतीराव झाले होते आणि अश्विनी कासार सावित्रीबाई. फुले-साहित्याचे अभ्यासक हरी नरके यांचे मार्गदर्शन तिला लाभले होते. आपल्याकडे हा विषय पडद्याला नवा होता असे नाही. आचार्य अत्र्यांनी १९५४ साली 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला, त्यात बाबूराव पेंढारकर आणि सुलोचनाबाई होत्या, आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. १९८८ साली श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये सदाशिव अमरापूरकरांनी जोतीराव उभे केले. पण चित्रपट पाहून माणूस घरी येतो. ही सावित्री रोज दिवेलागणीनंतर आपल्याच घरी यायची, आणि आम्ही जेवणाची ताटे मांडता मांडता तिच्याकडे पाहायचो. नात्यातल्या बाईसारखी ती घरात वावरू लागली होती.

आमच्या घरी ती आली ती आईबरोबर. आईबाबा तेव्हा दारव्ह्याला राहत. मार्च २०२० मध्ये बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दोघे यवतमाळला आमच्याकडे आले. "आठ दिवसांत परत जाऊ," म्हणून बाबांनी दोनच धोतरे आणली होती. पुढच्याच आठवड्यात टाळेबंदी लागली आणि ती दोन धोतरे आम्ही वर्षभर आळीपाळीने वाळत घातली.

तीन खोल्यांच्या घरात आम्ही पाच माणसे. हे बँकेत जात, कारण बँका चालूच होत्या. मी स्वयंपाकघरात ओट्यावर फोन टेकवून बी. ए.च्या मुलांना 'अलंकार' शिकवीत होते, आणि पलीकडून एखादा विद्यार्थी "मॅडम, कुकरची शिटी झाली," अशी सूचना देत होता. आमचे चिरंजीव सातवीत, त्यांचा वर्ग दुसऱ्या फोनवर. टीव्ही एकच. १९ मार्चपासून सगळीकडची चित्रीकरणे थांबली होती. दूरदर्शनवर २८ मार्चपासून जुने 'रामायण' पुन्हा लागले तेव्हा घरात तेवढ्यापुरता एकोपा झाला. वहीतही एप्रिल ते जून हा रकाना कोराच आहे. जुलैत 'सावित्रीजोती'चे नवे भाग आले, आणि आईने पदर खोचून टीव्हीसमोरची खुर्ची धरली.

मी तिच्या शेजारी बसत असे, पण क्वचित, आणि बसले तरी बसण्याची रीत चांगली नव्हती. मराठीची प्राध्यापक असल्यामुळे संवाद ऐकले की माझ्या हातात आपोआप लाल पेन येते. "त्या काळी असं बोलत नसत," "हा शब्द नंतरचा आहे," "या घटनेचं साल जरा वेगळं आहे." दोनचार दिवस आईने ऐकून घेतले. पाचव्या दिवशी म्हणाली,

"पेपर तपासून राह्यली काय वं? पाहू दे ना!"

माझी आई वऱ्हाडी बोलते, आणि माझ्या एम. ए.च्या पदवीला ती बोली कधी भ्यालेली नाही.

एक संध्याकाळ मात्र मला नीट आठवते. सावित्रीबाई मुलींना शाळेत पाठवा म्हणून लोकांच्या विनवण्या करीत आहेत, असा काहीसा प्रसंग होता. जाहिराती लागल्या. आई पडद्याकडेच पाहत म्हणाली, "आमच्याकडं बी गुरुजी आलते. दोनदा."

"कोणते गुरुजी?"

"चवथीत मी पह्यली आलती ना. गुरुजी घरी आले. म्हणे, पोरीले दारव्ह्याले शिकाले पाठवा. तुहा मामा जाये ना शकुंतलेनं. माहे बाबा म्हणे, पोरीच्या जातीले एकटीले गाडीत कसं बसवाव? अन् कापूस वेचाले कोण जाईन?"

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला येणारी आमची अरुंद रुळांची गाडी. आता ती बंद पडली आहे. आईचे माहेर त्या रुळांशेजारच्याच गावचे. मी विचारले, "मग तू काही म्हणाली नाहीस?"

"मी काय म्हणू? गाडीची शिटी आयकू आली का कपाशीतून मान वर करून पाहो. तुहा मामा खिडकीतून हात हालवे."

जाहिराती संपल्या. मालिका संपल्यावर आई दूध विरजायला आत गेली. चाळीस वर्षे मी या बाईच्या घरात, तिच्या हातचे खात वाढले. तिच्या शाळेविषयी मला एवढेच ठाऊक होते की ती 'चौथी पास' आहे. मामाविषयी विचाराल तर तो कोणत्या साली मॅट्रिक झाला हेसुद्धा मी सांगितले असते. आजोबांना दोष द्यावा असे काही नव्हते. त्यांनी मुलीवर माया केली, तिचे लग्न चांगल्या घरी लावले. गाडीत जागा पुष्कळ होती, तिकीटही फार नव्हते. मुलीला बसवायचे एवढेच कोणाला सुचले नाही.

सप्टेंबर उजाडला आणि घरात भारत-पाकिस्तान झाले. त्या वर्षी उन्हाळ्यात हुकलेली आयपीएल १९ सप्टेंबरपासून संयुक्त अरब अमिरातीत सुरू झाली, ती १० नोव्हेंबरपर्यंत चालली, आणि संध्याकाळचे सामने साडेसातला सुरू होत. बाबांचा एक डोळा नुकताच नवा झाला होता. त्या नव्या डोळ्याने पहिली गोष्ट काय पाहायची, तर चेंडू! नातवाचे मत आबाजींच्या बाजूला. ह्यांनी तटस्थ राष्ट्राची भूमिका घेतली, म्हणजे बसले सामना पाहत. मी घाऊक प्रमाणावर आलेल्या ऑनलाइन उत्तरपत्रिकांत बुडालेली. आईच्या बाजूने मत द्यायला कोणी उरले नाही. वहीतल्या 'क्रि.'च्या फुल्या त्या दिवसांतल्या आहेत.

आणि डिसेंबरात बातमी आली की मालिका बंद होणार. पुरेसे प्रेक्षक मिळत नाहीत, असे कारण सांगितले गेले. वर्षही पुरे झाले नव्हते. सावित्रीबाईंचा जन्मदिवस ३ जानेवारीला, आणि त्याच्या अगदी तोंडावर, डिसेंबरअखेर, पडदा पडला. अनेकांनी हळहळ व्यक्त केली, संतापही केला. मीही केला. एका वृत्तपत्राला मी खरमरीत पत्र लिहिले; 'समाजाची अभिरुची' हा शब्द त्यात तीनदा होता. चहाच्या वेळी ते मी मोठ्याने वाचून दाखवले. आईने ऐकले आणि शांतपणे विचारले,

"तू किती वेळा पाह्यली वं?"

पत्र छापून आले. आईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी त्या दिवशी दिले नाही.

प्रेक्षक मोजतात कसे, याची मी नंतर चौकशी केली. त्या काळी देशात टीव्ही असलेली घरे होती सुमारे २१ कोटी, आणि मोजणीचे यंत्र होते त्यांतल्या सुमारे ४४ हजार घरांत. ही घरे कोणती ते गुप्त ठेवतात. म्हणजे यंत्र असलेले एकेक घर जवळजवळ पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलते. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशीच ही रीत. तिला सरसकट खोटे म्हणता येणार नाही. ऐतिहासिक मालिकेला पोशाख, वाडे, गर्दी असा खर्चही फार. त्यात त्या वर्षी जाहिराती आटलेल्या. वाहिनी चालवणारे काही धर्मशाळा चालवत नाहीत, हेही मला कळते. पण आमच्या घरात यंत्र नव्हते. त्यामुळे आईची बरोबरची खूणही कोणी मोजली नाही, आणि आमची 'क्रि.'ची फुलीही नाही. तिचा हिशेब तिच्याच वहीत राहिला.

मालिका संपली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दिवेलागण झाली, ताटे मांडली गेली आणि टीव्ही काही कोणी लावला नाही. आईने माझ्याकडे पाहिले.

"आता पुढचं कोण सांगन?"

"अगं, चरित्र आहे घरात. देते काढून."

"पुस्तक वाचाले डोये कुठं हायेत? तुले सारं येते ना? पोरायले सांगतं, मंग मले सांग."

अशी आमची घरची मालिका सुरू झाली. जाहिराती नाहीत, पोशाख नाहीत, पात्र एकच आणि तेही कणीक मळत बोलणारे. वर्गात मी फुल्यांवर किती वर्षे बोलत आले आहे! पण वर्गात साठ मुले वहीत उतरवून घेतात, प्रश्न कोणी विचारत नाही. इथे ऐकणारी एकच, आणि ती वाक्यावाक्याला अडवणारी. १८४८ साली भिडे वाड्यात शाळा निघाली, असे मी सांगितले, तर तिने विचारले, "पोरी किती होत्या? त्यायच्या माया काय म्हणत?" मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने फुल्यांच्या शाळेत शिकत असताना मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला, हे ऐकल्यावर आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिच्या गुरुजींनी तिले आडवलं नाही."

त्याच वर्षी, १८५५ साली, जोतीरावांनी स्वतः एक नाटक लिहिले, 'तृतीय रत्न'. विद्या हे माणसाचे तिसरे नेत्र, असा त्याचा रोख. दक्षिणा प्राइज कमिटीकडे त्यांनी ते दिले आणि कमिटीने ते नाकारले. शंभराहून अधिक वर्षे ते छापलेही गेले नाही. हे मी गंभीरपणे सांगत होते, तोच आई म्हणाली, "मंग तवाही टीआरपी नव्हताच म्हणा की!"

तिला सर्वांत आवडल्या त्या ताराबाई शिंदे. 'स्त्रीपुरुष तुलना' हे त्यांचे पुस्तक १८८२ साली निघाले. त्यावर टीकेची झोड उठली तेव्हा १८८५ साली 'सत्सारा'त जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. आईचे कान टवकारले ते ताराबाई कुठल्या हे ऐकून. "बुलढाण्याच्या? म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्याच!" पुढचे चार दिवस ताराबाईंविषयी ती असे बोलत होती की जणू त्या तिच्या मावससासू.

या साऱ्या वेळात बाबा पलीकडे वर्तमानपत्र उघडून बसलेले असत. क्रिकेट संपले होते. ते ऐकतात की नाही, ते मला कळत नसे. एका संध्याकाळी मी 'शेतकऱ्याचा असूड' सांगत होते. १८८३ सालचे पुस्तक : अडाणी राहिल्यामुळे शेतकऱ्याला कोण कोण कसे नाडते त्याची जंत्रीच. आमच्या जिल्ह्यात हे पुस्तक सांगताना आवाज आपोआप खाली येतो. २०१९ च्या जानेवारीत इथे यवतमाळला ९२ वे साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केले, त्या शेतकरी विधवा म्हणून. 'असूडा'नंतर सव्वाशेवर वर्षे उलटून गेल्यावरची ही गोष्ट.

वर्तमानपत्र खाली आले. बाबा एका जिनिंगमध्ये पस्तीस वर्षे मुनीम होते. म्हणाले, "मी काटा लिहीत होतो. हजारो अंगठे उठवून घेतले. आकडा बरोबर लिहिला की नाही, हे तपासायला त्यातला एकही माणूस कधी वहीवर वाकला नाही. मी बरोबरच लिहिला म्हणा. पण त्यांना ते कळायचं काही साधन नव्हतं."

एवढेच बोलून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर धरले. मात्र त्या दिवसापासून ते उघडलेले पान उलटल्याचा आवाज येईनासा झाला.

शेवटी मी २८ नोव्हेंबर १८९० वर आले. जोतीराव गेले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. यशवंताला त्यांनी दत्तक घेतले होते. अंत्ययात्रेपुढे विस्तवाचे मडके, टिटवे, कोणी धरायचे? भाऊबंदांनी दत्तक मुलाला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे धरले. नवऱ्याच्या प्रेतयात्रेपुढे बायको चालते आहे, असे पुण्याने त्या दिवशी पाहिले.

आईने लाटणे थांबवले होते. "मंग लोकायनं चालू देल्लं?"

"चालू दिलं."

"बरं झालं," आई म्हणाली आणि पोळी लाटू लागली.

त्यानंतरची गोष्ट मला त्या वर्षी सांगणे जड गेले. पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी डॉक्टर झालेल्या यशवंताला बोलावून घेतले, गावाबाहेर दवाखाना उघडला, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणले, आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आम्ही दारे लावून, साबणाने हात धूत बसलेली माणसे. कोणी काही बोलले नाही. आमची मालिका तिथे संपली. तीही बंद पडली असे म्हणता येणार नाही. ती पुरी झाली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये बाबा गेले. रात्री झोपले आणि सकाळी उठले नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कपाशीची पहिली वेचणी चालू होती. ज्यांचे काटे बाबांनी लिहिले त्यांच्यापैकी दोघे वृद्ध गृहस्थ शेतातून तसेच आले होते, धोतराला सरकी चिकटलेली.

मी एकुलती एक. भाऊ नाही. अंगणात तयारी चालली तेव्हा माझा चुलतभाऊ पुढे झाला. भला माणूस, रीतच ती. मी दाराच्या चौकटीशी आईला धरून उभी होते. टिटवे त्याच्या हाती देणार तोच आई म्हणाली, "थांबा. हे पोरगी धरन."

एक वडीलधारे म्हणाले, "वहिनी, पुतण्या आहे ना! असं कुठं झालं आहे काय?"

"झालं हाये," आई म्हणाली. "पुण्याले झालं हाये. अन् ह्यायनंच मले सांगून ठेवलं होतं."

मला ठाऊक नव्हते. त्या टिटव्याच्या गोष्टीच्या रात्री, दिवा मालवल्यावर, बाबा आईला म्हणाले होते, "माझ्या वेळी हिनंच धरावं." दोन वर्षे तिने ते मनात ठेवले, मला सांगितले नाही, की मी भिऊन जाईन. चुलतभाऊ क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने टिटव्याची दोरी माझ्या हातात दिली आणि वाटभर माझ्या शेजारून चालला. दोरी बोटांना करकचत होती आणि खालून धग लागत होती. एवढेच मला आठवते. लोक काय म्हणाले ते मी ऐकले नाही. आईने ऐकले असेल. तिने मला कधी सांगितले नाही.

वाचकहो, म्हणून मी शिडीवर बसले होते. त्या मालिकेला बंद होऊन आता काही वर्षे झाली. मधल्या काळात जोतीराव-सावित्रीबाई पुन्हा पडद्यावर आले : २०२४ च्या जानेवारीत 'सत्यशोधक', त्यात संदीप कुलकर्णी आणि राजश्री देशपांडे, २०२५ च्या एप्रिलमध्ये 'फुले' हा हिंदी चित्रपट, त्यात प्रतीक गांधी आणि पत्रलेखा. हरी नरके मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. मालिकेला आज कोणी यशस्वी म्हणणार नाही. तिचे आकडे जिथे लिहिले असतील तिथे ते कमीच असतील. पण बंद पडलेल्या त्या गोष्टीने आमच्या घरात 'पुढे काय झाले' हा प्रश्न टाकला, आणि त्याच्या उत्तरात एका निवृत्त मुनिमाने आपला शेवटचा हिशेब लिहून ठेवला.

वही घेऊन मी आईकडे गेले. ती आता पंचाहत्तरीची आहे. अंगणात करंज्यांचे सारण निवडत बसली होती.

"हे ठिपके कशाचे गं?" मी विचारले. "बरोबरच्या खुणेजवळचे?"

तिने वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"तू संग बसली का ठिपका देत होती."

मी ठिपके मोजले. जुलै ते डिसेंबर मिळून अकरा निघाले. वर्तमानपत्रातल्या माझ्या पत्रात 'समाजाची अभिरुची' तीनदा होती, हे मी वर सांगितलेच आहे.

"ठेवू ही वही?" मी विचारले. वाटले, आई म्हणेल, ठेव, आठवण आहे.

आईने शेवटचे पान उलटून बघितले, डिसेंबरचे, आणि बोटाने दुधाच्या आकड्यांवरून खाली येत म्हणाली, "ठेव तं. ह्या पाह्य, शेवटच्या चार दिवसाचे पैशे त्या दूधवाल्याले द्याचे राह्यले. बिचाऱ्यानं मांगतलेबी नाही."

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला शोधून मी ते पैसे दिले. त्याला काही आठवत नव्हते. वही दाखवली तेव्हा त्याने पान निरखले आणि त्या दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, "मॅडम, हे 'सा.' म्हणजे साय काय?"